तळमजला गेला कुठे?

"जी'चं बटण कुठंय हो?"

सकाळी हॉटेलच्या लिफ्टमध्ये शेजारच्या आजोबांनी विचारलं. इंग्लंडमधल्या लीड्सहून पहिल्यांदाच न्यूयॉर्क बघायला आलेले. बोट बटणांवरून खाली खाली येतंय. १४, मग एकदम १२, आणि शेवटी १. संपलं.

"एकच दाबा," म्हटलं. "इथे तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात."

"अरे देवा! काल नाश्ता पहिल्या मजल्यावर म्हणाले, तर मी जिना चढून गेलो. वर कपडे धुवायची मशिनं!"

मला हसू आवरेना. कारण तीन वर्षांपूर्वी पुण्याहून आल्यावर माझाही असाच पोपट झाला होता. (नाश्ता नव्हता, इंटरव्ह्यू होता.)

बाहेर पडलो. रस्ता ओलांडताना दोघांनीही आधी उजवीकडे बघितलं. पिवळी टॅक्सी अर्थातच डावीकडून आली, कचकन ब्रेक, वर दोन सणसणीत शिव्या.

फुटपाथवर परत उभं राहून, छातीवर हात ठेवत आजोबांनी विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?"

"पुणे. इंडिया."

"हां, म्हणजे घरचेच की!"

मनापासून म्हणाले हो. पण तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. दीडशे वर्षांच्या राज्याचं हे असं 'घरचेच'. हसायचं की चिडायचं?