काकांच्या दुकानाची ईएक्सई फाईल

माझ्या काकांचं अप्पा बळवंत चौकात पुस्तकांचं दुकान आहे, जूनमध्ये शाळा सुरू होताना तिथे काय गर्दी असते ते पुणेकरांना सांगायला नको. त्यांच्यासाठी बिलिंगचा छोटा प्रोग्राम लिहिला आणि रात्री जीमेलवरून त्याची ईएक्सई, म्हणजे डबल क्लिक केली की प्रोग्राम चालू होतो ती फाईल, पाठवायला गेलो तर ब्लॉक. झिप केली, तरी ब्लॉक, कारण ते झिपच्या आतही बघतं. झिपला पासवर्ड लावला, तरी तेच! साध्या झिपला पासवर्ड लावला की आतला मजकूर लपतो पण फाईलींची नावं उघडीच राहतात, हे मला त्या रात्री कळलं. ईएक्सईच नाही, बीएटी, जार, आणि २०१७ पासून जेएस, अशा उघडल्या की चालू होऊ शकणाऱ्या इतर फाईलीसुद्धा जीमेलला चालत नाहीत.

मग म्हटलं जुनी युक्ती करू, नावाच्या शेवटचं ईएक्सई बदलून टीएक्सटी करायचं, म्हणजे ती साध्या मजकुराची फाईल वाटेल. पाठवायच्या आधी काकांना फोन केला, मेल आली की फाईल उतरवून घ्या, नावाच्या शेवटी टीएक्सटीच्या जागी ईएक्सई करा आणि डबल क्लिक करा. त्यांनी दुकानातली दुसरी एक फाईल उघडून बघितली आणि म्हणाले, "अरे, इथे शेवटी काहीच नाहीये, नुसतं नाव दिसतंय." बरोबरच आहे, विंडोज ओळखीच्या फाईलींचं एक्स्टेंशन, म्हणजे नावाच्या शेवटचा फाईलचा प्रकार सांगणारा तुकडा, लपवूनच ठेवतं.

तिथे मी थांबलो. मे २००० मध्ये आय लव्ह यू व्हायरस याच लपवाछपवीचा फायदा घेऊन पसरला होता, फाईलच्या नावात आधी टीएक्सटी आणि मग व्हीबीएस, म्हणजे उघडली की चालू होणारी फाईल, शेवटचं व्हीबीएस दिसायचंच नाही, लोकांना वाटायचं साधं पत्र आहे, उघडलं की तोच मेल ॲड्रेस बुकमधल्या सगळ्यांना. आणि मी माझ्या काकांना फोनवरून शिकवत होतो की मेलमधल्या फाईलचं नाव बदला आणि चालवा. उद्या दुसऱ्या कुणी फोनवर हेच सांगितलं तर ते करतील, कारण पुतण्यानेही असंच सांगितलं होतं. फार वाईट वाटलं मला.

काकांना म्हटलं ते सगळं विसरा. फाईल गूगल ड्राइव्हवर टाकली, फक्त त्यांच्याच आयडीला शेअर केली, आणि फोन चालू ठेवूनच त्यांच्याकडून उतरवून घेतली. रविवारी दुकानात जाऊन दोन्ही कॉम्प्युटरवर एक्स्टेंशन दाखवायचं सेटिंग चालू केलं, आणि काकांना त्यांच्याच फाईलींवर दाखवलं की पीडीएफ कशी दिसते आणि ईएक्सई कशी.