सकाळचे हिसके आणि बदललेली गोळी

मोठी फिट आली की घरात तारीख लिहून ठेवतात. सकाळी दात घासताना ब्रश हातातून उडाला तर मात्र कुणी डॉक्टरला सांगत नाही. मीही सांगत नव्हतो. खांद्यापासून एकच हिसका बसतो, भान पूर्ण शाबूत असतं, चहा तेवढा अंगावर सांडतो. घरचे म्हणतात, धांदरट.

हे उठल्या उठल्या येणारे हिसके म्हणजे जुवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सीची (जेएमई) खूण. आनुवंशिक कल असलेला अपस्माराचा (फिटच्या आजाराचा) हा प्रकार बहुतेकदा पौगंडावस्थेत सुरू होतो आणि औषध बहुधा कायमचं लागतं. हा प्रकार न ओळखल्यामुळे मला कार्बामाझेपिन हे फिटचं औषध चालू होतं. मोठ्या फिट कमी झाल्या, हिसके वाढले. जेएमईत कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटोइन यांनी असं होऊ शकतं. आणि गंमत बघा, झोपेत फिट येणाऱ्या दुसऱ्या एका आनुवंशिक प्रकारात हेच कार्बामाझेपिन उत्तम लागू पडतं! म्हणून नुसतं 'फिटची गोळी' असं काही नसतं.

पुढच्या खेपेला कुडाळहून गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जाताना हिसक्यांचा मोबाइलवरचा व्हिडिओ नेला. ईईजीसाठी (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीसाठी) आदल्या रात्री झोप कमी घ्यायला सांगतात. केस शॅम्पूने धुवायचे, तेल लावायचं नाही, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळी चुकवायची नाही. जागरणानेच फिट येऊ शकते, म्हणून सोबत माणूस हवा आणि दुचाकी घरी. तपासणीत दिव्याची उघडझाप करतात. काहींना पोफळीच्या बागेतून गाडी जाताना डोळ्यांवर लपझप पडणारं ऊनही त्रास देतं. अशा वेळी एक डोळा तळहाताने पूर्ण झाकावा.

जनुक तपासणीचा आग्रह मी सोडला. जेएमईत बहुतेकदा एकच दोषी जनुक सापडत नाही. घराण्यात कुणाला आकडी येत होती, हे आजीला विचारलेलं जास्त उपयोगी पडलं.

गोळी बदलताना नवी आधी चढवतात, जुनी मग पायरीपायरीने उतरवतात. एकदम थांबवली तर फिटवर फिट येत राहण्याचा धोका. मला व्हॅल्प्रोएट दिलं. कार्बामाझेपिनमुळे यकृत व्हॅल्प्रोएट लवकर संपवतं. कार्बामाझेपिन उतरत गेलं की व्हॅल्प्रोएटचा तोच डोस भारी पडतो, बोटं थरथरतात, पेंग येते. थरथर बारीक आणि सलग असते, हिसका एकटा आणि जोरकस. हा फरक नीट सांगितला, तर आजार वाढला असं समजून डोस वाढवला जात नाही.

बहिणीला मात्र व्हॅल्प्रोएट नको, असंच सांगितलं. गरोदरपणात ते चालू असेल तर सुमारे १० टक्के बाळांत जन्मजात व्यंग आणि ३० ते ४० टक्के मुलांत मेंदूच्या विकासाच्या अडचणी दिसतात. तिला लेवेटिरासिटाम दिलं; त्याने चिडचिड होऊ शकते, हे सासरी आधीच सांगून ठेवलेलं बरं. (आणि हो, १९९९ पासून हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हे लग्न रद्द करण्याचं कारण राहिलेलं नाही.)

फिट ५ मिनिटांपुढे गेली तर लिहून दिलेला मिडाझोलामचा नाकातला स्प्रे मारायचा आणि दवाखाना गाठायचा. कांदा, चप्पल काही हुंगवायचं नाही, कुशीवर वळवायचं. विहिरीवर एकट्याने जायचं नाही. जत्रेतला दहिकाला, म्हणजे दशावतारी नाटक, पहाटेपर्यंत चालतो. मी संकासुराच्या प्रवेशानंतर उठतो, आणि दुसऱ्या दिवशी नारळ खवायला विळीवर कुणी दुसरं बसतं.