इंजिन दुसऱ्याच्या हातात का देता?

माझ्या छोट्या मॉडेल आगगाड्या बघून झाल्या की घरी आलेला पाहुणा हमखास विचारतो, ‘एवढ्या नाजूक, महागाच्या वस्तू कुणाच्याही हातात कशा देता हो? मुलं मोडत नाहीत का?’ भुसावळात राहून मॉडेल रेल्वेचा नाद करतो म्हटल्यावर घरी माणसांची ये-जा असतेच आणि हा प्रश्नही असतोच. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

मोडतात. कपलिंगचा आकडा तुटतो, चिमणी निखळते, एखादा डबा टेबलावरून खाली जातो. ते सगळं दुरुस्त होतं. पण काचेच्या कपाटातल्या इंजिनापासून कुणी काही शिकत नाही आणि त्याच्याबद्दल मलाही कुणी काही शिकवत नाही. मला यातली दुसरी गोष्ट जास्त लागते.

माझ्याकडे खरोखर वाफेवर चालणारं एक छोटं इंजिन आहे, दोन रुळांमध्ये ४५ मिलिमीटर अंतर असलेल्या लाइनीवर धावणारं. तांब्याचा बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा. बॉयलरमध्ये डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीलासुद्धा पांढरा थर धरतो, तो बॉयलरच्या आत धरला तर काढणार कसा? स्पिरिट मापून, पाण्याच्या आधी संपेल एवढंच भरायचं. पाणी संपलं आणि जाळ चालू राहिला तर बॉयलर जळतो. ही दोन्ही कामं मी स्वतः करतो, कारण स्पिरिटची ज्योत भर उजेडात दिसतच नाही. पण एकदा प्रेशर चढलं की रेग्युलेटर, म्हणजे वाफ कमी-जास्त सोडायचा दांडा, पाहुण्याकडे.

आमच्या गल्लीत एक काका आहेत. रेल्वेत फायरमन म्हणून लागले आणि विजेच्या इंजिनावर ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी रेग्युलेटरला हातच लावला नाही. इंजिन धरून आधी सावकाश मागेपुढे ढकललं. चिमणीतून गरम पाण्याचे शिंतोडे उडाले. ‘पयले पानी निंघू दे भाऊ, मंग वाफ दे,’ म्हणाले. सिलिंडर थंड असतो तोवर आत शिरलेल्या वाफेचं पाणी होतं. वाफ दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन त्या पाण्यावर आपटला तर सिलिंडरचं झाकण फुटायची वेळ येते. म्हणून मोठ्या इंजिनाला सिलिंडरखाली कॉक, म्हणजे पाणी काढायच्या तोट्या, असतात आणि गाडी सुटताना ड्रायव्हर ते उघडे ठेवतो. जुन्या फोटोंत इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी जमिनीलगत पांढरे लोट दिसतात, ते त्यातूनच येतात. एवढं पुस्तकात मिळतं. कॉक बंद कधी करायचे हे मात्र काकांनी तोंडाने आवाज काढून दाखवलं: आधी ओली फसफस, मग हळूहळू कोरडी. ते ऐकायचं तर माणूस समोर बसलेला हवा आणि त्याच्या हातात इंजिन हवं.

मुलांना मात्र सगळ्यात आवडते ती तेलाची डबी. वाफेच्या नळीला जोडलेली एवढीशी डबी, तिच्यात घट्ट तेल. थोडी वाफ डबीत शिरते, थंड होऊन पाणी होते आणि तळाशी बसते. तेल तेवढंच वर उचललं जातं आणि वाफेबरोबर सिलिंडरमध्ये जातं. ना पंप, ना स्प्रिंग. गाडी थांबल्यावर डबी रिकामी करायचं काम मी मुलांना देतो. आधी नुसतं पाणीच येतं. ‘पण आपण तर तेल भरलं होतं ना?’ असं एका दहावीतल्या मुलीने विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत तिचं तिनेच उत्तर दिलं. असं घडलं की माझा पुढचा आठवडा मजेत जातो.

टेबलावरचा लेआउट, म्हणजे रूळ, स्टेशनं, जमीन असा सगळा देखावा, ‘पीजे’चा आहे, म्हणजे पाचोरा-जामनेर. ५६ किलोमीटरची ही नॅरोगेज गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली, ती पुन्हा त्या रुळांवर आली नाही. ती निवडण्यामागे मायेइतकंच मापाचंही कारण आहे. बाजारात सहज मिळणाऱ्या ‘एचओ’ मापाच्या मॉडेलांचं प्रमाण १:८७ आणि रूळ १६.५ मिलिमीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं. तो १४३५ मिलिमीटरच्या परदेशी गेजसाठी बेतलेला आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ चा, त्या प्रमाणात तो सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवा. पीजेचा गेज ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं तर पावणेनऊच्या आसपास येतात. ‘एन गेज’ या आणखी छोट्या मॉडेलांचा ९ मिलिमीटरचा तयार रूळ त्याला जवळजवळ बिनचूक बसतो. आपली ही छोटी गाडी आपल्या मोठ्या गाडीपेक्षा जास्त खरी बनवता येते, हे मला आजही फार छान वाटतं.

जमिनीसाठी रंग वापरत नाही. शेतातली काळी माती वाळवून, वस्त्रगाळ करून, पातळ केलेल्या फेविकॉलवर भुरभुरवतो. खडीच्या जागी वाघूरची वाळू, चहाच्या गाळणीने चाळलेली. गोंदाच्या पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला की ते वाळूवर गोळा न होता आत मुरतं. मेमध्ये माझी पत्र्याची खोली तापते, म्हणून सांध्यांत बारीक फट सोडलेली आहे, मोठ्या लाइनीवर सोडतात तशीच.

मुलं गाडी सुसाट पळवतात. त्यांना मी ओरडत नाही, हिशोब सांगतो: ताशी ३० किलोमीटर म्हणजे या प्रमाणात सेकंदाला साडेनऊ सेंटीमीटर, एका वितेला साधारण दोन सेकंद. मग ती स्वतःच वीत लावून मोजत बसतात आणि गाडी खरी दिसायला लागते.

हे सगळं मोठ्या पसाऱ्यात बघायचं असेल तर पुण्याला कोथरूडमधलं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघा. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे आणि तिथे गाड्या चालवून दाखवतात.

आता माझी एक विनंती. लेआउटवर शेंदुर्णी स्टेशन अजून व्हायचं आहे. त्रिविक्रमाच्या यात्रेला पीजेने गेलेली माणसं जळगाव जिल्ह्यात अजून पुष्कळ आहेत. प्लॅटफॉर्मवर झाडं कुठली होती, तिकिटाची खिडकी कुठल्या बाजूला होती, बाकडी लाकडी होती की दगडी, हे मला त्यांच्याकडून हवं आहे. घरात कुणी आजी-आजोबा असतील तर त्यांना घेऊन या. गाडी तेच चालवतील, मी शेजारी वही घेऊन बसेन.