म्युनिकमधले पहिले चाळीस दिवस

देवगड तालुक्यातल्या आमच्या घरी पैसा वर्षातून एकदाच येतो. मार्च ते मे या आंब्याच्या हंगामात वाशीहून दलालाच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशेब, येतात आणि त्यातूनच खत, फवारणी, राखणदाराचा पगार व घरखर्च असे पुढचे सगळे वर्ष निभवावे लागते. त्यामुळे 2023 मध्ये एम.एस्सी.साठी मी म्युनिकला जायचे ठरले आणि व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे 11,208 युरो ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये आधीच भरावे लागतात, त्यातून दरमहा 934 युरोच हाती येतात, असे कळले, तेव्हा बाबांना ती पद्धत लगेच पटली. ही रक्कम आम्ही शैक्षणिक कर्जातून उभी केली.

अडचण आली ती अगदी सुरुवातीला. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे सुटण्यासाठी तिथल्या बँकेत खाते हवे होते, माझ्या बँकेला त्यासाठी पत्त्याची नोंदणी हवी होती आणि त्या नोंदणीसाठी घरमालकाचे लेखी पत्र लागत होते. मी सप्टेंबरअखेर पोहोचले, पण मला मिळालेली खोली पाच आठवड्यांपुरतीच होती आणि तिचा मालक असे पत्र द्यायला तयार नव्हता. म्हणजे माझ्याच नावावरच्या पैशांना मला हात लावता येत नव्हता. सोबत नेलेल्या 2,000 युरोंतले ऑक्टोबरअखेर जेमतेम 1,030 उरले.

नोव्हेंबरपासून तिघींच्या फ्लॅटमध्ये एक खोली मिळाली. तिचे मूळ भाडे 520 युरो होते, तर हीटिंग, पाणी वगैरे धरून महिन्याला 630 पडत होते. शिवाय दोन महिन्यांच्या मूळ भाड्याइतके, म्हणजे 1,040 युरो डिपॉझिट होते. दोन्ही एकदम भरणे मला शक्यच नव्हते. त्या वेळी विद्यार्थ्यांसाठीच्या श्टुडिरेंडेनवेर्क या संस्थेच्या कायदेशीर सल्ल्याचा मला फार आधार झाला. जर्मन नागरी संहितेच्या कलम 551 नुसार डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिपटीहून अधिक घेता येत नाही आणि ते तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूला हक्क आहे, हे तिथे समजले. मी घरमालकीणबाईंना तसे नम्रपणे लिहिले आणि त्यांनी ते मान्य केले. पहिला हप्ता व भाडे भरून माझ्याकडे पन्नासेक युरो राहिले. नोव्हेंबरच्या मध्यावर खाते सुरू झाले, तोवर मी आईने दिलेले कुळथाचे पीठ, आमसुले आणि तिथे स्वस्तात मिळणारा आखूड दाण्याचा ‘मिल्शराइस’ यांवर राहिले. त्या तांदळाची पेज चांगली होते.

नंतरचा हिशेब सरळ होता, पण सैल नव्हता. भाड्याचे 630, आरोग्यविम्याचे सुमारे 120, बव्हेरियातल्या विद्यार्थ्यांसाठीच्या सवलतीच्या प्रवास-तिकिटाचे 29 आणि रेडिओ-टीव्ही शुल्काचे 6 गेले की 149 युरो उरत. ते शुल्क माणशी नसून घरामागे 18.36 युरो असते, हे ठाऊक नसल्याने मी एकटीच ते भरायला निघाले होते. उरलेल्या रकमेत जेवण बसत होते, पण हिवाळी बूट किंवा दाताचे दुखणे बसत नव्हते. म्हणून आठवड्यातले आठ तास मी एका बेकरीत काम धरले. तेव्हाच्या 12 युरो किमान वेतनाने त्यातून महिन्याला सुमारे 400 युरो मिळू लागले. हे पैसे मी रोजच्या खर्चाला कधीच लावले नाहीत. बाबा फवारणीचे पैसे वेगळे ठेवतात, तसे ते निराळ्या खात्यात ठेवत गेले.

2025 मध्ये माझा चुलतभाऊ तिकडे जायला निघाला, तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम 11,904 युरो झालेली होती. काकांनी तेवढीच जमवली होती. तिच्याखेरीज पहिल्या चाळीस दिवसांसाठी किमान 2,500 युरो सोबत हवेतच, हे मी त्यांना माझी वही दाखवून सांगितले. मेमधल्या शेवटच्या दोन पट्ट्यांचे पैसे त्यांनी त्यासाठी बाजूला ठेवले.