कोरा रकाना आणि इंग्रजी नकार

परवा रात्रपाळीला लीड्सच्या आमच्या वॉर्डात एका आजोबांचं अँटिबायोटिक अडलं. औषध तयार होतं, पण चार्टवरचा ॲलर्जीचा रकाना कोरा. इनचार्जनं डोस थांबवला, आजोबांना जागं करून विचारलं. "नथिंग ॲट ऑल, लव्ह," ते म्हणाले. मग तिनं रकान्यात लिहिलं, 'नो नोन ड्रग ॲलर्जीज'. तारीख, सही आणि मगच औषध.

त्यातला तो 'नोन' मला फार आवडतो. ॲलर्जी नाहीच, असं छातीठोकपणे कुणी म्हणत नाही. आजवर कळलेली नाही, एवढंच. पहिल्यांदा पेनिसिलिन सोसलं म्हणून पुढच्या वेळीही सोसेलच असं थोडंच आहे? आणि रकाना कोरा असला तर कुणी विचारलंच नाही, असं इथं धरतात. एक्स-रेच्या रिपोर्टातही तेच, 'नो एव्हिडन्स ऑफ फ्रॅक्चर'. मनगटातल्या स्कॅफॉइड हाडाची बारीक चीर पहिल्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही, १०-१४ दिवसांनी दिसते. म्हणून रिपोर्ट चांगला येऊनही संशय असला तर हात बांधूनच ठेवतात.

आपल्याकडे एवढी काळजी कुठली, असं कुणी म्हटलं की मात्र मला राग येतो. कोल्हापुरात एका सिस्टरच्या वाट्याला अख्खा वॉर्ड होता, पण प्रत्येक कॉटशेजारी सासू, नाहीतर जाऊ बसलेली असायची. "त्या लाल गोळीनं हिला पित्त उठतंय ओ सिस्टर, ती नको," हे न विचारताच कळायचं. कागदावर येत नसे हे खरं, पण हुकतही फारसं नसे. इथं भेटीची वेळ संपली की आजोबांजवळ चिटपाखरू नसतं. रकाना नीट भरण्यावाचून गत्यंतरच नाही.

राजारामपुरीत क्लास लावून ओईटीची, म्हणजे परदेशी नर्सिंगसाठी द्यायच्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करणाऱ्या आपल्या काही पोरी मला सरावाची पत्रं पाठवतात. त्यात केस नोट्स, म्हणजे पेशंटच्या नोंदी, वाचून पत्र लिहायचं असतं. स्पेलिंग चोख, काळ चोख, आणि मध्येच 'टोटली नो पेन'. इंग्रजीत या जोड्या ठरलेल्या आहेत. 'नो पेन ॲट ऑल' चालतं, 'नो पेन व्हॉटसोएव्हर' चालतं. 'टोटल' हवंच असेल तर 'टोटल लॉस ऑफ सेन्सेशन'. पुराव्याचा 'श्रेड' नसतो, अकलेचा 'आउन्स' नसतो, सत्याचा 'ग्रेन' नसतो, रस्त्यावर 'सोल' नसतो. फुटबॉलमध्ये शून्याला 'निल', टेनिसमध्ये 'लव्ह'. ऑपरेशनआधी कॉटवर पाटी लागते ती 'निल बाय माउथ', म्हणजे तोंडानं काही द्यायचं नाही; तिथं 'झीरो' कुणी लिहीत नाही.

हे सगळं पाठ कसं करायचं, असं पोरी विचारतात. अगं, आपण काय करतो? काडीची अक्कल नाही, पाण्याचा टिपूस नाही, खिशात फुटकी कवडी नाही, सुतराम संबंध नाही, औषधालाही सापडत नाही. अकलेचा टिपूस नाही, असं शिवाजी पेठेतलं शेंबडं पोरगंसुद्धा म्हणणार नाही. ज्यांच्या तोंडात एवढी भाषा खेळते त्यांना इंग्रजीच्या दहा-वीस जोड्या जड जाव्यात, हे मला मान्यच नाही. शिकवणाऱ्यांनी सुटे शब्द घोकून घेतले, जोड्या शिकवल्या नाहीत, एवढंच झालंय.

पत्रात 'व्हॉटसोएव्हर' मात्र नको, तो बोलण्यातला जोर. तिथं साधं 'नो हिस्टरी ऑफ डायबेटिस' किंवा 'डिनाइज चेस्ट पेन'. 'डिनाइज' वाचून पेशंटवर आरोप केल्यासारखं वाटतं, पण त्याचा अर्थ एवढाच की कुणीतरी विचारलं आणि पेशंट नाही म्हणाला. म्हणूनच, केस नोट्समध्ये ॲलर्जीबद्दल अवाक्षर नसेल तर आपल्या मनानं 'नो ॲलर्जीज' लिहू नका. ती ओळ सोडून पुढं जा.