६२ ते ६८ मिनिटांचं कोडं: माग लागला

मंडळी, गेल्या अपडेटमध्ये सिनेमाच्या ज्या फोर-के ब्लू-रे डिस्कच्या नावाने बोटं मोडली होती, तिचं दुखणं नेमकं कुठे आहे ते सापडलं. बरं झालं का, तर बरंचसं. पण काल जेवताना घरच्यांना ताटलीच्या कडेवर बोट फिरवून सगळं समजावत होतो आणि कोणी ऐकत नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

सिनेमाचं, कंपनीचं आणि प्लेअरचं नाव आधीही सांगितलं नव्हतं, आताही सांगत नाही. एक कॉपी अडकली म्हणून अख्ख्या आवृत्तीवर शिक्का मारणं मला पटत नाही.

लक्षणं पुन्हा एकदा: सिनेमा १६५ मिनिटांचा, डिस्क १०० जीबीची, म्हणजे तीन थरांची (माहिती एकावर एक तीन थरांत, लेझर एक थर संपला की पुढच्यावर जातो). ६२ मिनिटांपर्यंत झकास चालते. मग आवाज अडखळतो, चित्रात चौकोन दिसायला लागतात आणि सगळं ठप्प. रिमोटला दाद नाही, ट्रे उघडत नाही, थेट प्लगच उपसावा लागतो.

नेहमीचे उपाय करून झाले होते. फर्मवेअर (प्लेअरचं आतलं सॉफ्टवेअर) नवं टाकलं, नेटवर्क तोडलं, डॉल्बी व्हिजन हा चित्राचा मोड बंद केला. कपाटाची मागची फळी काढून टेबल फॅनही सोडला, कारण पुण्याच्या मे महिन्यात बंद कपाटातला प्लेअर तापतोच. फरक शून्य. ‘तीन थरांच्या डिस्का अशाच असतात हो, थर बदलताना अडकतात’ हे उत्तर जिथे विचारावं तिथे मिळतं, आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. तीन थर म्हणजे बदल दोन. मग दुसऱ्या बदलाला का नाही अडकत? ६९व्या मिनिटापासून लावली तर श्रेयनामावलीपर्यंत एका दमात जाते!

मग कागद घेऊन बसलो. पीसीच्या ड्राइव्हमध्ये डिस्क साधारण ८५ जीबी भरलेली दिसते. एका थरात ३३ जीबी मावतात. ८५ जीबी आणि १६५ मिनिटं, म्हणजे मिनिटाला सरासरी अर्ध्या जीबीहून किंचित जास्त. बिटरेट (दर सेकंदाला लागणारी माहिती) वरखाली होतो हे धरूनही पहिला थर ६५व्या मिनिटाच्या आसपास संपतो, दुसरा १३०च्या आसपास. आता एक-एक मिनिट पुढे उडी मारत तपासलं, तर ६६ला ठप्प, ६७ला ठप्प, ६८च्या पुढे सुरळीत. म्हणजे ६५च्या अलीकडे तीन मिनिटं आणि पलीकडेही तीनच. ही सममिती दिसली तेव्हा खुर्चीतून उठलोच.

कारण वाचनाची दिशा. पहिल्या थरावर लेझर मधल्या भोकाकडून बाहेरच्या कडेकडे जातो. कडेला पोचला की फोकस दुसऱ्या थरावर घेतो आणि तिथूनच उलटा आत यायला लागतो. तिसऱ्यावर पुन्हा आतून बाहेर. त्यामुळे ६५चा बदल होतो अगदी बाहेरच्या कडेला, १३०चा होतो भोकाजवळ. आणि ६२ ते ६५ व ६५ ते ६८ ही डिस्कवरची एकच जागा आहे, जाताना एकदा आणि येताना एकदा वाचलेली. सिनेमाचा शेवट का सुखरूप, तेही यातच आलं: तिसरा थर निम्म्याच्या थोडा पुढपर्यंतच भरलाय, तो कडेपर्यंत पोचतच नाही. थर बदलायला प्लेअर समर्थ आहे. त्याला त्या कडेवरचं वाचता येत नाहीये.

किती जागा? ब्लू-रेवर माहिती साधारण २४ मिमी त्रिज्येपासून ५८ मिमीपर्यंत असते. बाहेरच्या बाजूची तीन मिनिटं म्हणजे जेमतेम एक मिलिमीटरची पट्टी. एवढ्याशा पट्टीने मला किती छळावं!

दिवे घालवून मोबाइलचा टॉर्च तिरका धरला. समोरून प्रकाश टाकला की डिस्क आरशासारखी स्वच्छ दिसते, पण अगदी तिरप्या उजेडात कडेलगत एक पांढुरकी कमान दिसली, साधारण पाव वर्तुळाएवढी. डिस्क ज्या पुठ्ठ्याच्या खिशात येते त्याच्या तोंडाशी जिथे डिंक लावलाय, बरोबर तेवढीच. बॉक्स सेटमधल्या या पुठ्ठ्याच्या खिशांबद्दल माझं मत तुम्हाला माहीत आहे. दिसायला देखणे, पण डिस्क काढताना कड चिमटीत धरून ओढावी लागते, आत घालताना ती घासते. साध्या प्लास्टिकच्या केसला कोणी विचारत नाही, कारण तिचा फोटो चांगला येत नाही.

सफाईचं सविस्तर सांगतो, कारण इथेच लोक डिस्कची वाट लावतात. डीव्हीडीत माहिती ०.६ मिमी खोल असते, ब्लू-रेत वरचं आवरण फक्त ०.१ मिमी. त्यामुळे सीडीच्या जमान्यातली टूथपेस्ट, पॉलिश वगैरे विसरा, थिनर तर लांबच. कोरड्या मायक्रोफायबरने काही झालं नाही. मग गॅरेजमधून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं, त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, आणि आतून बाहेर सरळ रेषेत हलक्या हाताने पुसलं. गोल गोल कधीच नाही: गोल ओरखडा माहितीच्याच दिशेने जातो आणि लांबलचक तुकडा एकसलग खातो, आडवा ओरखडा एरर करेक्शन (प्लेअरची चुका भरून काढायची सोय) सहज गिळतं. यानं धूळ गेली, कमान तशीच. शेवटी मोबाइल रिपेअरिंगवाल्याकडून आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घेतलं, कापडाचा कोपरा नुसता ओलसर करून फक्त कडेवर फिरवला. कापडावर पिवळसर चिकटा आला. तो चिकटा पाहून जो आनंद झाला तो सांगून कळायचा नाही.

निकाल: ६२ ते ६४ एकदम स्वच्छ. ६५ला चित्र क्षणभर थबकतं, ६६ला दोन-चार चौकोन उमटतात आणि गाडी पुढे जाते. प्लग उपसायची वेळ आलेली नाही.

इथपर्यंत लिहिलं आणि डोक्यात आलं: बाहेरच्या कडेला फक्त डागच त्रास देतो असं कुठाय? डिस्क किंचित वाकलेली असेल तर तो वाकही सगळ्यात जास्त कडेलाच जाणवणार. उठून डिस्क आरशावर ठेवली. तीन बाजूंना कड समान बसते, चौथ्या बाजूला वीजबिलाचा कागद सहज आत सरकतो. म्हणजे मामला दुहेरी आहे. चिकटा आणि वाक, दोन्ही एकाच मिलिमीटरवर. काचांमध्ये दाबून सरळ करायचे सल्ले वाचलेत, पण ते मी करणार नाही. तीन थर चिकटवलेल्या वस्तूवर जबरदस्ती कशाला? विक्रेत्याकडे बदली मागतोय.

त्यामुळे प्लॅन बदलला. नवा प्लेअर घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं, ते तूर्त रद्द. तसंही निवड उरलीये कुठे? ओप्पोने प्लेअरचं दुकान २०१८ मध्ये आवरलं, सॅमसंगने २०१९ मध्ये, २०२४ च्या शेवटी एलजीनेही. मोठ्या नावांत पॅनासोनिक आणि सोनी राहिले. (सोनीने २०२५ मध्ये बंद केल्या त्या कोऱ्या रेकॉर्डेबल डिस्का. सिनेमाच्या छापील डिस्कांशी त्याचा संबंध नाही, तरी ‘ब्लू-रे संपली’ म्हणून मला आलेले फॉरवर्ड अजून थांबलेले नाहीत.)

आता गोड बातमी. क्रायटेरियन या अमेरिकन डिस्क कंपनीचा, सत्यजित राय यांच्या अपू त्रयीचा फोर-के संच आला आणि इथल्या प्लेअरवर पहिल्या फटक्यात चालला. यूएचडीला, म्हणजे फोर-के डिस्कला, रीजन (कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल याचं बंधन) नसतो, त्यामुळे सिनेमे बिनघोर. पण सोबतच्या ब्लू-रे रीजन ए, आपला प्लेअर रीजन सी, आणि पुरवण्या सगळ्या त्या ब्लू-रेवर. मुलाखती बघायच्या तर दुसरी वाट शोधायला हवी. चित्र मात्र काय सांगू! १९९३ मध्ये लंडनच्या लॅबला लागलेल्या आगीत या निगेटिव्ह जळाल्या होत्या. इटलीतल्या बोलोन्याच्या लॅबने त्या करपलेल्या फिती पुन्हा ओलसर करून उलगडल्या, त्यातून पहिल्या भागाचा सुमारे ४० टक्के आणि दुसऱ्याचा ६० टक्क्यांहून जास्त भाग मूळ निगेटिव्हवरून मिळवला. तिसऱ्याची निगेटिव्ह वापरण्याजोगी उरलीच नव्हती, तो इतर प्रतींवरून केलाय. ते डोळ्यांना कळतं: पहिल्या भागात काही शॉट इतके रेखीव की गवताचं पातं न् पातं मोजावं, आणि पुढच्याच शॉटला ग्रेन (फिल्मचा दाणा) किंचित जाड होतो. हा फरक त्यांनी घासून एकसारखा केला नाही, यासाठी त्यांना पैकीच्या पैकी.

आणि आपलं मराठी? मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी विकल्या तेव्हा घराघरात मराठी सिनेमा पोचला खरा, पण तो ३५२ बाय २८८ पिक्सेलचा. माझ्याकडचे कित्येक मराठी चित्रपट अजून तेवढेच आहेत. २०२२ मध्ये सरकारने २२०० चित्रपटांच्या जीर्णोद्धाराची घोषणा केली. फिल्म अर्काइव्ह आमच्या लॉ कॉलेज रोडलाच आहे. त्यातले प्रभातचे बोलपट नीट ब्लू-रेवर आले तर दोन प्रती घेईन, पुठ्ठ्याच्या खिशात आले तरी.

बदली डिस्क आली की प्लेअरमध्ये घालण्याआधी टॉर्च आणि आरसा. त्याच बॉक्समधल्या बाकीच्या डिस्कांच्या कडा शनिवारी तपासतो. कोणाकडे तीन थरांची अडकणारी डिस्क असेल तर फक्त दोन आकडे कळवा: कुठल्या मिनिटाला अडकते आणि कुठून पुन्हा सुरळीत चालते. जीबीही दिलेत तर जागा मी काढून देतो.