बहिरा मेंढपाळ आणि मडक्याचं घुमणं

हंगेरीतला ख्रिसमस म्हटलं की सगळे बुडापेस्टचे बाजार आणि लायटिंगचे फोटो टाकतात, मला मात्र वेड लावलं ते एका बहिऱ्या म्हाताऱ्याने.

तिकडच्या खेड्यांत ख्रिसमसच्या दिवसांत टोळी घरोघर फिरते, सोबत चर्चच्या आकाराची छोटी पेटी, आत गोठा आणि बाळ येशू. याला बेत्लेहेमेझेश म्हणतात. दारात परवानगी मागायची, मग खोलीत जेवढी जागा असेल तेवढ्यात नाटक सुरू. मेंढपाळ कातड्याचे कोट उलटे घालून येतात, लोकर बाहेर, आणि सरळ जमिनीवर आडवे होऊन झोपतात. देवदूत ग्लोरिया, म्हणजे देवाचा जयजयकार, म्हणत उठवतो, बाकीचे उठतात पण म्हाताऱ्याला नीट ऐकूच येत नाही, एक सांगितलं की तो भलतंच ऐकतो, घरातली पोरं हसून लोळतात आणि थोड्याच वेळात तोच म्हातारा बाळापुढे गुडघे टेकतो. मग काठ्या आपटत नाच, गाणी. देवाच्या जन्माच्या गोष्टीत एवढं खळखळून हसता येतं, आणि तरी भक्ती तसूभर कमी होत नाही, हे मला फार मोठं वाटतं.

नाचाचं पण बघा, जुन्या रिवाजाने २५ नोव्हेंबरच्या संत कातालिनच्या दिवसानंतर अ‍ॅडव्हेंटमध्ये, म्हणजे ख्रिसमसआधीच्या आठवड्यांत, नाचगाणं बंद. मधे १३ डिसेंबरला संत लुत्साचा दिवस येतो, त्या दिवशी एक स्टूल करायला घ्यायचं, रोज थोडंथोडंच काम करायचं, बऱ्याच ठिकाणी १३ प्रकारची लाकडं लागतात, आणि ख्रिसमसच्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेला त्यावर उभं राहिलं की गावातल्या चेटकिणी ओळखू येतात!! त्या मागे लागल्या तर वाटेत खसखस फेकत पळायचं, त्या वेचत बसतात.

आणि मग २६ तारखेपासून रेगोलेश, हा माझा सगळ्यात लाडका भाग. पश्चिमेकडच्या दुनांतूल भागात पोरं साखळ्या लावलेल्या काठ्या आपटत येतात, घराला धनधान्य, गुराढोरांची बरकत मागतात. गाण्यात एक अद्भुत हरीण येतं, त्याच्या शिंगांवर हजार मेणबत्त्या, न पेटवता पेटणाऱ्या, न विझवता विझणाऱ्या. शेवटी घरातल्या मुलीचं नाव गावातल्या एखाद्या मुलाशी जोडून मोकळे, सगळ्यांसमोर, गाण्यातच.

सोबत वाजतं ते कोचोगदुदा. मातीच्या मडक्याच्या तोंडावर डुकराचं मूत्राशय ताणून बांधतात (हिवाळ्यात खेड्यांत घरोघर डुक्कर कापायचे, त्यामुळे ते मिळायचंच), मधोमध बोरूची काडी. एका नाचाच्या संध्याकाळी मला वाजवायला दिलं. कोरड्या हाताने काहीच नाही, मग बोटं पाण्यात बुडवून काडी वरखाली चोळली तर पोटातून आल्यासारखा घुर्र घुर्र आवाज आला, पायाखालची फळी थरथरली.

ही नाचाची संध्याकाळ म्हणजे तान्त्सहाझ, नाचघर. पहिलं बुडापेस्टमध्ये १९७२ च्या मे महिन्यात झालं, शहरातल्या तरुणांनी ट्रान्सिल्वेनियातल्या (आता रोमानियात) सेक गावाचं बघून सुरू केलं, स्टेजवर बघायला नाही तर स्वतः नाचायला. २०११ मध्ये युनेस्कोनेही ही पद्धत जतनाचा चांगला नमुना म्हणून नोंदवली. त्या दिवशी माझ्या शेजारी सात-आठ वर्षांचा एक मुलगा होता, माझ्या हातातून मडकं घेतलं, बोटं ओली केली आणि पहिल्याच फटक्यात ताल धरला, पुढे रात्रभर ते त्याच्याकडेच होतं.